रात्रीच्या पाळीचं पाणी

सौर पंप पहिल्यांदा चालू झाला त्या दिवशी विहिरीवर नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि पाइपातून पाणी पडायला लागल्यावर प्रत्येकाने त्यात एकदा हात घालून पाहिला. हे सगळीकडे असंच होतं. तारा नाहीत, डीपी नाही, तरी पाणी येतंय, हे डोळ्यांनी दिसत असलं तरी हात ओला झाल्याशिवाय लोकांना पटत नाही. मी पेढा तोंडात टाकून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या घरची धाकटी सून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सगळं ब्येस झालं मॅडम. पर माझी रात कुटं गेली?"

मला आधी कळलंच नाही. मंद्रूपच्या पलीकडचं ते गाव, आणि आमच्या छोट्या संस्थेचं काम तिथे नवीन होतं. लहान शेतकऱ्यांना ठिबक बसवून द्यायचं, सौर पंपाच्या योजनेत अर्ज करायला मदत करायची, आणि नंतर वर्षभर जाऊन बघायचं की नळ्या उंदरांनी कुरतडल्या का, फिल्टर धुतला जातो का. यातलं शेवटचं काम सगळ्यात मोठं, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

धाकटीने मला बाजूला नेऊन जे सांगितलं ते असं. विहीर दोन भावांच्या सामाईकात. थोरल्याला सगळे आबा म्हणायचे. धाकटा, म्हणजे हिचा नवरा, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला, सुट्टीला तेवढा गावी येणारा. त्यामुळे शेत हीच बघायची. वाटणी झाली तेव्हा जमीन मोजून निम्मी झाली, विहीर काही निम्मी करता येत नाही. म्हणून पाळी ठरली. शेतीची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. दिवसाची लाईट आली की पाणी आबांचं, रात्रीची आली की धाकट्याचं. त्या वेळी धाकटा भाऊ बिनलग्नाचा होता, रात्री जागायला त्याला काही वाटत नव्हतं. पुढे लग्न झालं, तो कारखान्यात गेला आणि रात्रीची पाळी बायकोच्या वाट्याला आली.

"रातीला बॅटरी घिऊन जायाचं, वाफ्यावाफ्याला पाणी वळवाया दारं मोडायची, पाटात पाय घालून बसायचं. लई वंगाळ," ती म्हणाली. "पर माझं हुतं. आता लाईटीची मोटर काढली, सूर्यावरची चालणार. रातीला सूर्य कुटनं आणू मी?"

मी वर्षानुवर्षं बैठकांमध्ये 'दिवसा पाणी, रात्री झोप' हे वाक्य बोलत आले आहे. ते खोटं नाही. रात्रीच्या लाईटीवर पाणी देताना साप चावलेली, शॉक बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पण रात्र ही कुणाची तरी हिश्श्याची मालमत्ता असू शकते आणि ती बंद झाली की हिस्साच बंद होतो, हे त्या वाक्यात बसत नव्हतं.

मी तिथेच आबांना विचारलं. आबा पन्नाशी ओलांडलेले, बोलायला मोकळे, मनाने वाईट नाहीत. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? आमी देऊ की पाणी तिला. घरचीच हाय. तिची झाडं आमी वाळू देणार हाय व्हय?"

थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही तिथली रीत. दोघं एकाच विहिरीवर उभे असले तरी आबा माझ्याशी किंवा बायकोशी बोलायचे, आणि धाकटी उत्तर द्यायची तेही आमच्यापैकीच कुणाला तरी. त्यामुळे तिने पदर सावरून मला सांगितलं, "मॅडम, त्यास्नी सांगा, दिल्यालं पाणी नको. पाळीचं पायजे."

तिचा मुद्दा मला लगेच कळला. मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलेल्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस पिंप, घागरी, बादल्या घेऊन कामाला लागतो. त्यातही एखाद्या वेळी आमचं पाणी हुकलं की शेजारीण दोन घागरी देते. आनंदाने देते. पण त्या दोन घागरींत आणि आपल्या नळाच्या पाण्यात फरक असतो. त्या दोन घागरींनंतर आठवडाभर तिच्याशी जरा जास्त गोड बोलावं लागतं. धाकटीला आयुष्यभर गोड बोलायचं नव्हतं.

आणि तिच्याकडे तेव्हा पाणी लागणारं काहीतरी होतं. मुरमाड रानात तिने डाळिंबाची रोपं लावली होती, आमच्याकडूनच ठिबक बसवून. पहिला उन्हाळा रोपांनी काढला तर बाग, नाही तर पुन्हा ज्वारी आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी. मजुरीला ती जातच होती. रात्री पाणी द्यायचं, दोन-चार तास झोपायचं आणि दिवसा टोळीबरोबर कांदा काढायला जायचं, असा तिचा क्रम होता. म्हणजे त्या वाईट रात्रीने तिचा दिवस मोकळा ठेवला होता. हेही आमच्या वाक्यात नव्हतं.

मी आबांना म्हटलं, पाळी ठरवा, मग मी पुढच्या खेपेला येते. पुढची खेप पंधरा-वीस दिवसांनी झाली, कारण मधे माढ्याकडची कामं निघाली. गेले तर आबांनी पाळी ठरवून टाकली होती आणि त्यावर ते खूश होते.

"तासाला तास दिलाय, मॅडम. वर थंड वेळ तिला दिली. सकाळचा गारवा तिचा, सांजचा गारवा तिचा. मधलं ऊन मी घेतलं. रानात उभा राहून भाजतोय की मी."

आणि ते खरंच तसं समजत होते. जन्मभर लाईटीवर मोटर चालवलेला माणूस. लाईट असली की मोटर चालते, नसली की बंद. सकाळची लाईट आणि दुपारची लाईट यांत फरक नसतो. तासभर म्हणजे तासभर. शिवाय पाणी थंड वेळेला द्यावं, हे तर लहानपणापासून कानावर पडलेलं शहाणपण. ते सगळं शहाणपण वापरून आबांनी धाकटीला सूर्याचे दोन्ही शेंडे दिले होते आणि मधला गर स्वतःकडे ठेवला होता. हे त्यांना माहीतच नव्हतं.

धाकटी मला रानात घेऊन गेली. विहिरीजवळच्या ओळींत प्रत्येक रोपाच्या बुडाशी ओला गोल होता. पुढे गोल लहान होत गेले. चढावरच्या शेवटच्या ओळींत माती पांढरी होती आणि रोपांची पानं आतल्या बाजूला वळली होती.

"नळ्या चोंदल्या असतील म्हणून सगळ्या धुतल्या," ती म्हणाली. "अक्का म्हणत्यात, तुझा हातच कोरडा. आता हाताचं काय करू?"

अक्का म्हणजे आबांची बायको, तिची थोरली जाऊ. तोंडाने फटकळ, पण ती जे बोलायची ते सगळ्यांना सारखंच बोलायची.

नळ्यांना काही झालं नव्हतं. कोवळ्या उन्हात पंप हळू चालतो, दाब कमी पडतो, चढापर्यंत पाणी पोचत नाही. मी हे आबांना समजावलं. त्यांनी मान हलवली, पण मान हलवणं आणि पटणं यांतला फरक या कामात पहिल्याच वर्षी कळतो. मग मी त्यांच्या गोठ्यातलं कडबाकुट्टीशेजारचं रिकामं पिंप विहिरीवर आणायला लावलं. म्हटलं, आता पाइपाखाली ठेवा, किती वेळात भरतंय ते बघा. मग उद्या सकाळी तेच पिंप ठेवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पिंपावर ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. सौर पंपाच्या प्लेटांखाली सावलीचा चांगला तुकडा पडतो. त्या उघड्या रानात बसण्यासारखी दुसरी जागा नव्हती, त्यामुळे घरातली सगळी महत्त्वाची बोलणी आता तिथेच व्हायची. आबा उलट्या क्रेटवर बसले होते, शेजारी एक शेळी बांधलेली. अक्का पोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. धाकटी खांबापाशी उभी. कांद्याच्या टोळीतून सुट्टी घेऊन आली होती.

"भरलं का पिंप?" मी विचारलं.

आबा शेळीकडे बघत म्हणाले, "दुपारचं भरतंय की झटकन."

"आणि सकाळचं?"

"सकाळचं..." आबा थांबले.

अक्का म्हणाल्या, "सकाळचं पिंप भरंपतोर माझ्या भाकरी थापून, भाजून, तुमचं खाऊन झालं की. सांगा न्हाय सगळं."

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "मला काय ठावं? मी तासाला तास दिला हुता. मी काय फसवाया बसलो हुतो व्हय?"

"कोण म्हणतंय फसवलं?" धाकटी मला म्हणाली. "त्यास्नी सांगा, कुणी न्हाय म्हणत. पर झाडास्नी काय म्हायती, फसवलं का चुकलं?"

मग आबा म्हणाले, एक दिवस मी, एक दिवस तिनं. मी ते चांगलं म्हणाले असते. पण धाकटीने लगेच विचारलं की कोवळ्या रोपांना रोज थोडं लागतं, असं मॅडमनीच सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. मुरमात पाणी टिकत नाही. मग आबा म्हणाले, दोघांचे वाल एकदमच उघडे ठेवू, मधोमध वाटलं जाईल. तिचं रान चढावर, आबांचं उतारावर. पाणी कुठे जाईल हे कुणी सांगायची गरज नव्हती. आबांनी स्वतःच हात झटकला.

वाट काढली ती अक्कांनी, आणि तीही टोमण्यातून. शेंगांची टरफलं झाडत त्या म्हणाल्या, "वाटणीला कसं केलं हुतं? मामंजी हुते तवा? तुमी वाटे घातले, धाकट्यानं आदी उचललं. बैल, भांडी, रान, सगळं. आता पाण्याच्या वक्ताला वाटे बी तुमीच घालणार आन उचलणार बी तुमीच, व्हय?"

थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. आमच्याकडच्या घरांत ही रीत मी कितीदा ऐकली होती. ती वाडवडिलांच्या जमिनीपुरती असते असं मी धरून चालले होते. आबाही तसंच धरून चालले असावेत. पण आता नाही म्हणायला जागा नव्हती. वाटणीच्या वेळी त्याच रीतीने त्यांना मान मिळाला होता.

"बरं," ते म्हणाले. "घालतो वाटे."

आपल्या हातात उरलेला वाटा येणार हे माहीत असलं की माणूस किती काळजीने वाटे घालतो, ते बघण्यासारखं असतं. आबा काही दिवस पिंप घेऊन विहिरीवरच होते. मला फोन करायचे. "घड्याळात बसंना मॅडम. काल बसलं, आज न्हाय." मी त्यांना म्हटलं, घड्याळ सोडा. सूर्य चढतो तसाच उतरतो. माथ्यावर येईपर्यंत एक वाटा, माथ्यावरून ढळला की दुसरा. दोन्हींत शेंडा आणि गर सारखाच येईल. खांबाची सावली सगळ्यात आखूड होते तिथे दगड ठेवा. आबांनी दोन दिवस पिंप लावून तेही तपासलं, आणि मग खांबाजवळ चुन्याने रंगवलेला एक दगड पुरला.

उचलायच्या दिवशी मीही होते. पुन्हा त्याच सावलीत. आबा मला म्हणाले, "विचारा तिला. सकाळपासनं दगडापतोर, का दगडापासनं सांजपतोर."

मला वाटत होतं की ती दुपारनंतरचा वाटा घेईल. कांद्याची टोळी दिवस कलता कलता परत येते, निदान शेवटी तरी ती विहिरीवर असती. पण तिने सकाळ उचलली.

"सकाळचा वाल माझी मी उघडणार आन कामाला जाणार," तिने मला सांगितलं. "दुपारचा घेतला तर आदीचा वाल कुणी येळेला बंद करतंय का, ह्याची वाट बघाया लागंल. मला वाट बघायची न्हाय."

"मग दगडावर बंद कोण करायचं?" आबांनी मला विचारलं. म्हणजे तिला विचारलं.

"ज्याला पुढं पायजे त्याच्या घरचं करंल की," ती म्हणाली. "आन दोनी वाल एका पेटीत घालून कुलूप लावणार हाय. दगडावर सावली आली की अक्कांनी माझा बंद करून, तुमचा उघडून कुलूप घालायचं."

"कुलूप? भावाभावांत कुलूप?"

"भावाभावांतच लागतंय की," अक्का म्हणाल्या. "परका कशाला येतोय तुमचा वाल फिरवाया?"

आबांनी मग शेवटचा मुद्दा काढला. त्यांना वाटलं असावं की एक तरी नियम आपला असावा. "आन आभाळ आलं तर? आदीच सांगतो. लाईट गेल्यावर जे करत हुतो तेच. ज्याची पाळी त्याचं नशीब. भरून मागायचं न्हाय."

धाकटी म्हणाली, "व्हय. चालंल."

मार्च असाच गेला. चढावरच्या ओळींत गोल ओले दिसू लागले. काही रोपं गेली होती, तिथे तिने नवी लावली. मी फिल्टर धुवायला शिकवायचं निमित्त करून जायचे आणि चुन्याचा दगड बघून यायचे. सकाळी धाकटी किल्ली अक्कांकडे ठेवून जायची; अक्का वेळेवर वाल फिरवायच्या आणि कुलूप घालून किल्ली कमरेला खोचायच्या. संध्याकाळी धाकटी कामावरून येताना ती घेऊन जायची. या एका किल्लीमुळे दोघी जावा रोज पाच मिनिटं बोलू लागल्या, आणि त्या बोलण्यात मी कामापुरतीही नको होते, हे मला बरं वाटलं.

एप्रिल संपता संपता वळवाचे दिवस आले. आमच्याकडे सकाळ लख्ख असते, दुपार ढळली की आभाळ भरून येतं. कधी पाऊस पडतो, बहुतेक वेळा नुसता वारा आणि धूळ. आबांनी उतारावर उन्हाळी मिरची लावली होती. चार-पाच दुपारी ओळीने आभाळ आलं आणि पंप कुथत राहिला. मी एका संध्याकाळी गेले तेव्हा मिरचीने मान टाकली होती. आबा क्रेटवर बसले होते, अक्का पोत्यावर शेंगा फोडत होत्या. सावली नव्हतीच, आभाळ होतं.

मी धाकटीला बाजूला विचारलं, "वळवाचं तुझ्या लक्षात होतं का, सकाळ उचलताना?"

"मॅडम, वैशाखात दुपारी आभाळ येतंय, हे ह्या गावात कुणाला ठावं न्हाय?" ती म्हणाली. "वाटे त्यांनी घातले, मी उचललं. नशिबाचं बी त्यांनीच सांगितलं." एवढं बोलून ती फिल्टर धुवायला बसली. तिच्या मनात तेव्हा काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आबा मला म्हणाले, "मॅडम, तिला जरा सांगा की. दोन सकाळी दिल्या तर मिरची वर येईल."

मी म्हटलं, "आबा, मी सांगणार नाही. मी वर्षभराने इथे नसेन. तेव्हा कोण सांगेल?"

मग आबांनी प्लेटांच्या खांबाकडे तोंड केलं आणि खांबाला म्हणाले, "दोन सकाळी कुणी दिल्या, तर मिरची वाचंल म्हणतो."

धाकटीने फिल्टरची जाळी झटकली आणि त्याच खांबाला सांगितलं, "कुणी मागितल्या असत्या, तर दिल्या असत्या."

अक्का शेंगा फोडायच्या थांबल्या. शेळी तेवढी खात होती.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांनी तिच्याकडे मान वळवली. मी त्या घरात येत होते तेव्हापासून पहिल्यांदाच. "मागतोय की," ते म्हणाले.

तिने पदर डोक्यावर घेतला. पण उत्तर त्यांनाच दिलं. "उद्या आन परवा घ्या. दगडापतोर. तेरवा माझी मी उघडणार."

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडून किल्ली काढली. ती आबांच्या हातात दिली नाही, ते रीतीत बसलं नसतं. अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

"परवा सांजच्याला परत पायजे, अक्का."

"आणून देते की," अक्का म्हणाल्या, आणि किल्ली कमरेला खोचता खोचता नवऱ्याला म्हणाल्या, "आता कळलं व्हय, दिल्यालं पाणी कसं असतंय त्ये?"